आजीच्या टाचा आणि इंग्रजीचे अलंकार

सातवीच्या वर्गात फळ्यावर व्याख्या लिहिली जाते : ‘सिमिली इज अ कम्पॅरिझन बिट्वीन टू अनलाइक थिंग्ज.’ खाली उदाहरण : ‘ॲज व्हाइट ॲज स्नो.’ मुलं दोन्ही वहीत उतरवून घेतात. चाचणीत तेच उदाहरण येतं, मुलं तेच उत्तर लिहितात, गुण मिळतात. पुढच्या इयत्तेत कवितेत एखादी नवी उपमा आली की तोच वर्ग खाली माना घालून बसतो. मीही बरीच वर्षं असंच शिकवलं. किल्लारीच्या आसपासच्या मुलाला बर्फाची शुभ्रता उपमा म्हणून देतोय, हे तेव्हा खटकलंही नाही. त्यानं बर्फ पाहिला असलाच तर तो रसवंतीवरच्या पोत्यात गुंडाळलेला.

एका एप्रिलमध्ये मी व्याख्या बाजूला ठेवली आणि विचारलं, “आत्ता तुमचं रान कसं दिसतंय?” काळी माती उन्हात तडकते, भेगांत हात जातो, हे सगळ्यांना ठाऊक होतं. मागच्या बाकावरून उत्तर आलं, “सर, आजीच्या टाचावानी.” वर्ग हसला. मी तेच वाक्य फळ्यावर घेतलं आणि उलटं करून इंग्रजीत मांडलं : ‘हर हील्स आर क्रॅक्ड लाइक अवर फील्ड इन मे.’ मग विचारलं, “यात कशाची तुलना कशाशी? कशामुळे?” हात वर झाले. ‘सिमिली’ हा शब्द त्या तासाच्या शेवटच्या पाच मिनिटांत आला, आणि तोपर्यंत तो शब्द कशाचं नाव आहे हे वर्गाला कळलेलं होतं.

सहावी ते आठवीला इंग्रजी शिकवणाऱ्यांसाठी या लेखाचं सांगणं एवढंच आहे : अलंकाराचं नाव शेवटी सांगा. मुलांच्या घरात अलंकार रोज बोलले जातात, त्यांच्याकडे फक्त त्यांची इंग्रजी नावं नसतात.

चार पायऱ्या

महाराष्ट्रात पहिलीपासून इंग्रजी सुरू झालं ते २००० साली. म्हणजे सातवीतल्या मुलाच्या हाताशी सहा वर्षांचं इंग्रजी असतं. ते मोडकंतोडकं असेल, पण लाइक, ॲज, इज, रन, स्लीप, क्राय, टॉक एवढे शब्द त्यात नक्की असतात आणि अलंकाराला तेवढे पुरतात. कोणताही अलंकार घ्या, पायऱ्या याच ठेवा.

१. मुलानं पाहिलेली किंवा ऐकलेली एक गोष्ट घ्या.
२. ती घरच्या बोलीत म्हणवून घ्या. ‘वानी’, ‘गत’, ‘लई’ सगळं चालेल. इथे शुद्धलेखनाची छडी नको.
३. ती इंग्रजीत आणा. शब्द अडला तर तुम्ही पुरवा, वाक्य मात्र त्याचंच राहू द्या.
४. नाव सांगा आणि पाठ्यपुस्तकातल्या कवितेत तशीच ओळ शोधायला लावा.

चौथी पायरी गाळली तर गंमत होते, अभ्यास होत नाही. पहिली गाळली तर पाठांतर होतं.

सुरुवात आवाजापासून

बहुतेक जण उपमेपासून सुरुवात करतात. माझा सल्ला वेगळा आहे. आधी नादानुकारी शब्द घ्या, कारण त्यांना व्याकरण लागत नाही आणि वर्गातलं सगळ्यात अबोल मूलही कोंबड्याचा आवाज काढतं. आपला कोंबडा ‘कुकूचकू’ करतो, इंग्रजीतला ‘कॉक-अ-डूडल-डू’. आपला कुत्रा ‘भू भू’, त्यांचा ‘वूफ’ किंवा ‘बाउ-वाउ’. कावळ्यावर मात्र जवळपास एकमत : ‘काव’ आणि ‘कॉ’. कोंबडा तोच, कान वेगळे, हे कळलं की अर्धा धडा झाला.

मग शिवारात या. काढणीला आलेल्या सोयाबीनच्या शेंगा हलवल्या की खुळखुळतात, त्याला ‘रॅटल’. दूरवर आभाळ गडगडतं, ते ‘रंबल’. पोतं धपकन टाकलं, तो ‘थड’. कढईत फोडणी चुरचुरली, ते ‘सिझल’. मधमाशी गुणगुणली, ती ‘बझ’. मुलांना डोळे मिटायला सांगा, दोन मिनिटं शाळेचे आवाज ऐकवा आणि मग यादी करवा. ‘ऑनोमॅटोपिया’ हे अवघड नाव शेवटी टाळ्यांवर तोडून म्हणा : ऑ-नो-मॅ-टो-पि-या. सहा टाळ्या. मूळ ग्रीक शब्दाचा अर्थ ‘नाव घडवणं’ असा आहे. आवाजालाच नाव करायचं, एवढं सांगितलं की झालं.

उपमा : ‘वानी’ची इंग्रजी

मराठीच्या तासाला मुलं उपमेय, उपमान, साधारण धर्म आणि साम्यवाचक शब्द शिकलेली असतात, किंवा लवकरच शिकणार असतात. मराठीच्या बाईंशी बोलून दोन्ही तास एकाच आठवड्यात आणता आले तर अर्धं काम हलकं होतं. फळ्यावर उलटं केलेलं ते वाक्य मराठीत घेतलं तर आजीच्या टाचा उपमेय, रान उपमान, भेगाळणं हा साधारण धर्म आणि ‘वानी’ हा साम्यवाचक शब्द. इंग्रजीत त्या जागी ‘लाइक’ किंवा ‘ॲज...ॲज’.

सराव द्यायचा तर रिकाम्या जागा भरायला देऊ नका. अर्धं वाक्य द्या आणि पुढे ‘का’ विचारा : ‘द भाकरी इज ॲज राउंड ॲज...’ बहुतेक मुलं ‘द मून’ म्हणतील. ते बरोबरच आहे, पण लगेच विचारा, “चंद्राखेरीज?” ट्रॅक्टरचं चाक, विहिरीचं तोंड, आजोबांच्या चष्म्याची काच अशी उत्तरं येऊ लागली की मुलं स्वतःच्या डोळ्यांनी पाहायला लागली असं समजा.

उपमेत चार ठिकाणी हमखास पाय घसरतो.

- ‘आय लाइक आंबील’ या वाक्यात ‘लाइक’ आहे, उपमा नाही. इथे तो ‘आवडणे’ आहे.
- ‘अवर स्कूल इज लाइक युवर स्कूल’ ही नुसती तुलना. शाळेची शाळेशी जोड लावून उपमा होत नाही, दोन वस्तू वेगळ्या जातीच्या हव्यात.
- ‘ॲज इट वॉज रेनिंग, वी स्टेड ॲट होम’ यातला ‘ॲज’ म्हणजे ‘कारण’.
- ‘ॲज इफ’ आला की मराठीत आपण ‘जणू’ म्हणून उत्प्रेक्षा ओळखतो. शालेय इंग्रजीत त्यासाठी वेगळं नाव नाही, ती सिमिलीतच मोजतात. हे आधीच सांगितलं नाही तर हुशार मुलंच जास्त गोंधळतात.

रूपक : पाण्याची गाडी

‘मेटाफर’ हा शब्द ज्या ग्रीक शब्दातून आला त्याचा अर्थ ‘एकीकडून दुसरीकडे वाहून नेणं’. आजच्या ग्रीसमध्ये सामान हलवणाऱ्या ट्रकवर त्याच मुळातला शब्द रंगवलेला असतो. आपल्या मुलांना हे समजवायला ग्रीसला जायची गरज नाही. एप्रिल २०१६ मध्ये लातूर शहर कोरडं पडलं तेव्हा मिरजेहून रेल्वेनं पाणी आणलं. पहिल्या खेपेला दहा टाक्या आल्या, सुमारे पाच लाख लिटर. त्या गाडीला नाव दिलं ‘जलदूत’. आता मुलांना विचारा : गाडी दूत असते का? दूत तर निरोप घेऊन येणारा माणूस. मग गाडीला दूत का म्हटलं? दूताची वाट पाहणं, त्याच्या येण्याचा दिलासा, हे सगळं त्या एका शब्दानं गाडीवर लादलं. गाडीनं पाणी वाहून आणलं आणि शब्दानं अर्थ. तेच रूपक.

‘काळी आई’ हेही रूपकच. वेळ अमावस्येला, आपल्या बोलीत येळवसेला, अख्खं घर रानात जातं. कडब्याची कोप उभी राहते, पूजा होते, भज्जी आणि उंडे वाढले जातात, बिंदग्यातली आंबील फिरते. जमिनीला आई मानल्याशिवाय हा सण कळत नाही. ‘द सॉइल इज अवर ब्लॅक मदर’ हे वाक्य मुलांनी लिहिलं की विचारा, “यातून ‘लाइक’ कुठे गेला?” उपमेतून ‘लाइक’ काढला की बहुतेक वेळा रूपक उरतं, हे त्यांना स्वतःला सापडू द्या.

एक सापळा इथेही आहे. ‘माय फादर इज अ फार्मर’ यात ‘इज अ’ आहे, म्हणून मुलं त्याला रूपक ठरवतात. उपाय म्हणजे एकच प्रश्न : “हे शब्दशः खरं आहे का?” वडील खरोखरच शेतकरी आहेत, तेव्हा हे साधं विधान. ‘माय फादर इज अ बनियन ट्री’ हे शब्दशः खरं नाही, म्हणून रूपक.

वेळ असेल तर घड्याळ काढा. आपल्या घड्याळाला काटे असतात, इंग्रजी घड्याळाला ‘हँड्स’, म्हणजे हात, आणि शिवाय ‘फेस’, म्हणजे चेहरा. आपण सुईचं नेढं म्हणतो, इंग्रजीत सुईला डोळा असतो. टेबलाला दोन्ही भाषांत पाय, नदीला दोन्हीकडे मुख. वापरून वापरून गुळगुळीत झालेली रूपकं दोन्ही भाषांत ठासून भरली आहेत, हे कळलं की ‘अलंकार म्हणजे कवितेतली नक्षी’ हा समज गळून पडतो.

चेतनगुणोक्ती : रुसलेला पाऊस

‘पर्सॉनिफिकेशन’ मराठवाड्यात शिकवायला सगळ्यात सोपं, कारण इथे पाऊस माणसासारखाच वागतो. तो दडी मारतो, डोळे वटारतो, रुसतो, हुलकावणी देतो. जूनमध्ये पेरणी खोळंबली की ही वाक्यं पारावर रोज ऐकू येतात. मुलांकडून यादी करवा आणि एकेक इंग्रजीत न्या. ‘दडी मारली’ला ‘द रेन इज प्लेइंग हाइड अँड सीक विथ अस’ लगेच सुचतं. खरी मजा ‘रुसला’मध्ये. रुसण्याला मुलांच्या हाताशी असलेल्या इंग्रजीत चपखल क्रियापद सापडत नाही. ‘अँग्री’ म्हटलं तर राग होतो, ‘सॅड’ म्हटलं तर दुःख. वर्गाला विचारा : “रुसलेलं माणूस काय करतं?” बोलत नाही. मग लिहा : ‘द रेन इज नॉट टॉकिंग टू अस.’ वाक्प्रचाराचं भाषांतर शब्दाला शब्द ठेवून होत नाही, त्यातली कृती न्यावी लागते, हा धडा मुलांना पुढे निबंधातही उपयोगी पडतो.

खबरदारी दोन गोष्टींची. मराठीत प्रत्येक नामाला लिंग असतं, त्यामुळे ‘पाऊस आला’, ‘नदी गेली’ ही वाक्यं मुलांना आपोआप चेतनगुणोक्ती वाटू शकतात. ती नुसती भाषेची रीत आहे. दुसरं, ‘द डॉग इज रनिंग’ किंवा ‘द विंड इज ब्लोइंग’ यात अलंकार नाही, कारण कुत्रा धावतोच आणि वारा वाहतोच. ‘द विंड इज नॉकिंग ॲट अवर डोअर’ म्हटलं की वाऱ्याला माणसाचा हात आला.

‘काळी आई’ आणि ‘काळी आई रागावली’ यांत फरक काय, हा प्रश्न परीक्षेत नाही तरी विचाराच. पहिल्यात एक वस्तू दुसरी झाली, ते रूपक. दुसऱ्यात वस्तूनं माणसाची कृती केली, तिथे चेतनगुणोक्तीही आली. एका वाक्यात दोन अलंकार असू शकतात, हे मुलांना सातवीतच कळलेलं बरं.

अतिशयोक्ती : शंभरदा सांगितलं

‘हायपरबोल’साठी मुलांना घरी पाठवा. गृहपाठ एकच : आज संध्याकाळी घरातल्या मोठ्यांनी केलेली तीन अतिशयोक्तीची वाक्यं टिपून आणा. ‘शंभरदा सांगितलं’, ‘अख्खं गाव गोळा केलंस’, ‘युगं लागली का यायला?’ यादी भरायला एक संध्याकाळ पुरते. ‘शंभरदा’ इंग्रजीत जसंच्या तसं चालतं : ‘आय हॅव टोल्ड यू अ हंड्रेड टाइम्स.’ पोटातले कावळे मात्र नुसते उचलून ठेवले तर इंग्रजी वाचक दचकेल. त्यांच्याकडे भुकेला माणूस अख्खा घोडा खाऊ शकतो. म्हणून ‘सो...दॅट’चा सांगाडा द्या : ‘आय ॲम सो हंग्री दॅट क्रोज आर कॉइंग इन माय स्टमक.’ आता कावळे कशासाठी आलेत ते वाचकाला कळतं, आणि व्याकरणातला ‘सो...दॅट’ही जाता जाता पक्का होतो.

अतिशयोक्ती आणि थाप यांतला फरक एका वाक्यात सांगा : थापेत ऐकणाऱ्याला फसवायचं असतं, अतिशयोक्तीत दोघांनाही खरं ठाऊक असतं.

अनुप्रास : आधी देवनागरीत लिहा

‘ॲलिटरेशन’मध्ये मुलं अक्षर बघतात, आवाज ऐकत नाहीत. ‘सिटी’ आणि ‘कॅट’ यांचं इंग्रजी आद्याक्षर एकच, म्हणून ते जोडी लावतात. ‘फोन’ आणि ‘फार्म’ यांचं स्पेलिंग वेगळ्या अक्षरानं सुरू होतं, म्हणून ती जोडी सोडून देतात. इथे आपल्याकडे एक हत्यार आहे, ज्याचा वापर इंग्रजीच्या तासाला आपण उगाच चोरून करतो : देवनागरी. शब्द आधी देवनागरीत लिहायला सांगा. ‘शुगर’ आणि ‘सन’ वेगळे पडतात, ‘शुगर’ आणि ‘शिप’ एकत्र येतात, ‘नाइफ’ आणि ‘नाइट’ यांतला मुका ‘के’ आपोआप गळतो. उसाच्या पट्ट्यातल्या मुलांना ‘शुगर’चं उदाहरण विसरायला होत नाही.

या हत्याराला एक खोट आहे. इंग्रजीतले ‘व्ही’ आणि ‘डब्ल्यू’ हे दोन वेगळे आवाज देवनागरीतल्या ‘व’ आणि ‘व्ह’ यांत नीट वेगळे राहत नाहीत. त्यामुळे ‘व्हेरी वेल’ मराठी डोळ्यांना अनुप्रास वाटतो, इंग्रजी कानाला नाही. तेवढं तोंडानं म्हणून दाखवा : पहिल्यात दात ओठावर टेकतात, दुसऱ्यात ओठांचा चंबू होतो.

शिवाय मराठी अनुप्रासात अक्षर ओळीत कुठेही पुन्हा आलं तरी चालतं. शालेय इंग्रजीत मुख्यतः शब्दाच्या सुरुवातीचा आवाज बघतात. ‘बिग ब्लॅक बफेलोज बाय द बँक’ असं एक वाक्य फळ्यावर ठेवा आणि प्रत्येकाला आपल्या नावाच्या पहिल्या आवाजाचं वाक्य करायला सांगा. हा तास शनिवारी ठेवलात तर मुलं सुटी झाल्यावरही वाक्यं म्हणत जातील.

वेळ आणि गुण

सहा अलंकारांना प्रत्येकी दोन तासिका धरा. पहिल्या तासिकेत बोलणं आणि ऐकणं, दुसरीत लिहिणं आणि पाठ्यपुस्तकातली ओळ. त्यानंतर एक तासिका सरमिसळीची : वीस चिठ्ठ्या, गटात वाटा, ओळखायला लावा. त्यात चार-पाच वाक्यं मुद्दाम अलंकार नसलेली टाका. ‘काहीच नाही’ हे उत्तर देता येणं हीच खरी परीक्षा.

पुढे नववी-दहावीत कवितेच्या रसग्रहणात अलंकार ओळखून स्पष्ट करावा लागतो. त्याची सवय आत्ताच लावायची तर उत्तराचे तीन तुकडे शिकवा : नाव काय, कशाला काय म्हटलं, आणि त्यामुळे आपल्याला काय दिसलं किंवा ऐकू आलं. तिसरा तुकडा मुलं गाळतात, कारण गाइडमध्ये तो सगळ्या ओळींना एकच असतो. वही तपासताना अलंकाराचा गुण आणि व्याकरणाचा गुण वेगवेगळे द्या. ‘रेन नॉट टॉकिंग अस’ लिहिणाऱ्या मुलाचं क्रियापद चुकलंय, अलंकार नाही. दोन्हीवर एकच लाल रेघ मारली तर ते मूल पुढच्या वेळी ‘ॲज व्हाइट ॲज स्नो’ लिहून मोकळं होईल.

शेवटची तासिका : अलंकार काय झाकतो?

किल्लारीत ३० सप्टेंबर आला की शाळेत भूकंपावर लिहिणं होतं. आज सातवीत असलेल्यांनी तो पाहिलेला नाही. त्यांचे आईवडील तेव्हा लहान होते, सांगणारे बहुतेक आजीआजोबा. इंग्रजीतही चार ओळी लिहा म्हटलं की एक वाक्य ठरलेलं असतं : ‘मदर अर्थ बिकेम अँग्री.’ चेतनगुणोक्ती बिनचूक. गुण द्यायला हरकत नाही. पण गुण दिल्यावर दोन प्रश्न विचारा.

पहिला : हे तुझ्या आजोबांनी सांगितलं, की तू घातलंस? आजोबांनी सांगितलं असेल तर ते त्यांचं दुःख आहे, त्याला हात लावू नका. मुलानं शोभेसाठी घातलं असेल तर दुसरा प्रश्न : या वाक्यानं काय झाकलं? ‘आई रागावली’ म्हटलं की माणसं का गेली हे विचारायची सोय राहत नाही. १९९३ च्या त्या पहाटे, ३ वाजून ५६ मिनिटांनी, अनंत चतुर्दशीचं विसर्जन आटोपून लोक गाढ झोपले होते. घरांच्या भिंती जाड, दगडामातीच्या, आणि डोक्यावर मातीचं जड माळवद. धक्का बसताच त्या भिंती फुटून कोसळल्या, माळवदं खाली आली. लातूर आणि तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यात मिळून सुमारे दहा हजार माणसं गेली. माणसं राग आल्यानं मेली नाहीत, भिंतींखाली मेली. म्हणून तर नवी गावं वसवताना घरं वेगळ्या रीतीनं बांधली.

हे सगळं बारा-तेरा वर्षांच्या मुलाला झेपेल का, अशी शंका येईल. झेपतं. त्याच्या घरी ते सांगितलं गेलेलंच असतं. ज्याला या विषयावर लिहायचं नसेल त्याला दुसरा विषय द्या, कारण विचारू नका. ज्यांनी लिहिलंय त्यांना सांगा, आता अलंकार काढून एकदा लिहून बघा. ‘इट वॉज ३:५६. पीपल वेअर स्लीपिंग. द वॉल्स वेअर स्टोन अँड मड.’ तीन साधी वाक्यं, सहावीच्या इंग्रजीत बसणारी. दोन्ही उतारे मोठ्यानं वाचायला लावा आणि कोणता ठेवायचा ते मुलांवर सोडा. काही ‘मदर अर्थ’ ठेवतील, काही खोडतील. खोडणाऱ्याला विचारा, का खोडलंस. त्या उत्तराला गुण द्यायची जागा प्रश्नपत्रिकेत नसते, म्हणून ते वहीच्या समासात तारखेसह टिपून ठेवा.